गप्पांची शाळा : परदेशी जाऊन स्पॅनिश शिकण्याची एक रीत

(द्वितीय वर्ष, कला)

भाषा शिकणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम पाठ्यपुस्तक उभे राहते. शब्दार्थ पाठ करावयाचे, क्रियापदे चालवावयाची, उताऱ्याचे भाषांतर करावयाचे आणि परीक्षेत गाळलेल्या जागा भरावयाच्या, हा क्रम आपण शाळेपासून पाळत आलो आहोत. तरीही कोणी समोर उभे राहून इंग्रजीत दोन प्रश्न विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची जीभ टाळ्याला चिकटते. व्याकरण आपल्याला येत असते, शब्दही ठाऊक असतात. पण समोरच्या माणसाच्या वेगाने ते जुळवून बाहेर काढण्याची सवय कोणी लावलेली नसते.

ही सवय कशी लागते, याचे एक चांगले उदाहरण म्हणजे स्पॅनिश शिकण्यासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी. मी दीड वर्षापासून घरच्या घरी स्पॅनिश शिकत आहे. ग्रंथालयातील एक पुस्तक आणि मोबाईलवरील पाठ एवढीच माझी सामग्री. स्पेन मी पाहिलेला नाही. परंतु आपल्या महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीने एक सत्र सालामांका या गावी काढले. त्या सुटीत आल्या असता त्यांच्याशी निवांत बोलण्याचा योग आला. त्यांनी सांगितलेले, आणि भाषाविज्ञानाच्या वाचनात हाती आलेले, असे दोन्ही एकत्र करून हा विषय मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

इंतेरकांबियो म्हणजे काय?

स्पॅनिश ही वीसाहून अधिक देशांची राजभाषा असून सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. ती शिकावयास येणाऱ्यांची दोन गावे विशेष प्रसिद्ध आहेत. एक स्पेनमधील सालामांका. तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले आणि नेब्रिखाचे स्पॅनिश भाषेचे व्याकरण १४९२ साली याच गावात छापले गेले. दुसरे ग्वातेमालातील आंतिग्वा. तेथे एक शिक्षक आणि एक विद्यार्थी समोरासमोर बसून शिकतात आणि विद्यार्थी स्थानिक कुटुंबात राहतो.

वर्ग सुटल्यावर मात्र विद्यार्थी करतात काय? येथे इंतेरकांबियो येते. या शब्दाचा अर्थ देवाणघेवाण. आपल्याला स्पॅनिश हवे असते, तेथील एखाद्या विद्यार्थ्याला इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच हवी असते. दोघे ठरवून भेटतात. अर्धा तास एका भाषेत, अर्धा तास दुसऱ्या भाषेत. पैसे कोणी कोणाला द्यावयाचे नाहीत. विद्यापीठाच्या फलकावर एक चिठ्ठी लावतात, तिच्या खालच्या कडेला दूरध्वनी क्रमांकाच्या पट्ट्या कापलेल्या असतात. ज्याला हवी त्याने एक पट्टी फाडून न्यावी. आता हीच जोडी मोबाईलवरूनही जमवतात. सालामांकात भेटीची जागा विचारावी लागत नाही. तेथील प्लाथा मायोर या मोठ्या चौकात घड्याळ आहे. ‘पाच वाजता घड्याळाखाली’ एवढे म्हटले की पुरे.

युरोपात अशा जोडीने शिकण्याला शिस्त आली ती फ्रान्स आणि जर्मनीच्या तरुणांमुळे. दोन महायुद्धे लढलेल्या या देशांनी १९६३ साली मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी युवकांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त कार्यालय काढले. त्यांच्या शिबिरांतून एक फ्रेंच आणि एक जर्मन अशा जोड्या लावण्याची पद्धत आकारास आली. दोघांनी पेडल मारावयाच्या सायकलीवरून तिला टँडेम हे नाव पडले. पुढे १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्याद्वारे दुसऱ्या देशात शिकावयास गेले. नंतर ही संख्या लाखांवर गेली आणि इंतेरकांबियोला माणसांची वाण राहिली नाही.

या पद्धतीचे नियम दोनच सांगता येतील. पहिला, दोघांना सारखा वेळ मिळाला पाहिजे. दुसरा, काय शिकावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. समोरचा आपला मास्तर नव्हे. हा दुसरा नियम महत्त्वाचा आहे. आपली भाषा आपण अचूक बोलतो, पण तसे का बोलतो हे सांगता येत नाही. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद का बदलले, असे एखाद्या परक्याने अचानक विचारले तर आपणही गडबडू. स्पॅनिश माणूसही अशा वेळी ‘असी से दीसे’, म्हणजे ‘असंच म्हणतात’, एवढेच सांगतो. म्हणून शहाणा विद्यार्थी ‘का’ विचारीत नाही. ‘ह्या दोन वाक्यांपैकी तू कोणते म्हणशील?’ असे विचारतो. कारण नंतर पुस्तकात शोधता येते.

जेवणाचे टेबल आणि डोंगराची वाट

समोरासमोर बसून बोलण्यालाही मर्यादा असते. तिसऱ्या भेटीला ‘तुला भाऊ किती? तुला कोणता खेळ आवडतो?’ हे प्रश्न संपतात. म्हणून बोलण्यास निमित्त हवे. तसे निमित्त स्पेनमध्ये पदोपदी मिळते. दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास होते आणि जेवण झाल्यावर लगेच कोणी उठत नाही. टेबलाशी बसून चालणाऱ्या या गप्पांना सोब्रेमेसा असे वेगळे नावच आहे. ठरावीक मंडळी ठरावीक कॉफीगृहात जमून साहित्य-राजकारणावर बोलतात, त्या बैठकीला तेर्तुलिया म्हणतात. माद्रिदचे काफे खिखोन हे १८८८ साली सुरू झालेले कॉफीगृह अशा बैठकींसाठी प्रसिद्ध आहे.

ताईंनी आपला अनुभव सांगितला. रविवारी डोंगरात पायी जाणाऱ्या एका गटात त्यांनी नाव घातले होते. त्या म्हणाल्या, “अगं, समोर बसलं की आपण परीक्षेला बसल्यासारखं होतं. चालताना तसं होत नाही. दोघं पुढं बघत असतात, मध्ये गप्प झालं तरी चालतं, आणि दर अर्ध्या तासानं शेजारचं माणूस बदलतं. तेच वाक्य सहा जणांना सहा वेळा सांगायला मिळतं. सहाव्या वेळी ते घोटीव होऊन येतं.”

दुसरे निमित्त स्वयंपाकाचे. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंडी आणि बटाट्याचे जाड ऑम्लेट. (मेक्सिकोत मात्र तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी.) त्यात कांदा घालावा की घालू नये, यावर स्पॅनिश लोकांत कायमचे दोन पक्ष आहेत. ताईंच्या गटात एका संध्याकाळी हाच वाद पेटला. ‘सोल’, ‘काप’, ‘फेट’, ‘उलट’ ही सारी आज्ञार्थी रूपे कानावर पडतात, त्याच क्षणी हातही तेच करीत असतो. आणि वादात उतरावयाचे तर ‘मला वाटते’, ‘मुळीच नाही’, ‘पण तू असे बघ’ हे सारे तोंडी यावे लागते. त्याच संध्याकाळी उच्चारातील एक भेदही समजतो. कांद्याला स्पेनच्या बहुतेक भागात ‘थेबोया’ म्हणतात आणि दक्षिणेकडील काही भागात व अमेरिकेतील देशांत ‘सेबोया’. आपल्याकडे कांद्यावरून कोणी माणसाचे गाव ओळखील असे नाही, तेथे ओळखतात.

मराठी माणसाला सोपे काय, अवघड काय

इंग्रजी पुस्तकांवरून स्पॅनिश शिकताना मला एक गोष्ट सतत जाणवली. ज्या ठिकाणी पुस्तक ‘येथे विद्यार्थ्यांना अडचण येते’ असे सांगते, तेथे मराठी माणसाला पुष्कळदा अडचण येत नाही.

‘मे गुस्ता एल काफे’ याचा अर्थ ‘मला कॉफी आवडते’. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, माणसाप्रमाणे नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे उफराटे वाटते. आपली मात्र रोजची रचना तीच आहे. नामाला लिंग असते हेही आपल्याला नवे नाही. आपण तीन लिंगे सांभाळतो, स्पॅनिशमध्ये दोनच. त आणि द हे वर्ण आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकून उच्चारतात.

तू आणि तुम्ही हा भेदही तेथे आहे. ‘तू’ला ‘तू’च म्हणतात, हे ऐकून कोणाही मराठी माणसाला गंमत वाटेल, आदरार्थी रूप ‘उस्तेद’. परंतु त्याचा वापर सर्वत्र एकसारखा नाही. स्पेनमध्ये तरुण मंडळी पहिल्याच भेटीत ‘तू’वर येतात. कोलंबियाच्या बोगोता शहरात घरातल्या माणसांतही ‘उस्तेद’ ऐकू येते. अर्जेंटिनात आणि ग्वातेमालात मित्राला ‘बोस’ म्हणतात. कोणाला केव्हा काय म्हणावे हे पुस्तकातल्या कोष्टकात बसत नाही. चार माणसांत वावरल्यानेच ते कळते. सासरी गेलेल्या मुलीला तेथे कोणाला ‘अहो’ आणि कोणाला ‘अगं’ म्हणावयाचे हे कोठल्या पुस्तकातून कळते?

अवघड तेही आहे. ‘असणे’ या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत, सेर आणि एस्तार. ‘एस आबुरीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा माणूस आहे. ‘एस्ता आबुरीदो’ म्हणजे तो सध्या कंटाळला आहे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. त्यातला र जोराने घोळवला की ‘पेर्रो’, म्हणजे कुत्रा. असे भेद वाचून कळतात, पण तोंडात बसतात ते बोलून, समोरच्याने हसून पुन्हा विचारल्यावर.

आणखी एक वर्ग आहे तो पुस्तकांत फारसा नसतोच. पुएस, ब्वेनो, आ बेर, ओ सेआ, बाले. आपल्या ‘म्हणजे’, ‘बरं’, ‘बघू’, ‘हं’ यांसारखे हे शब्द. यांना अर्थ थोडा, काम मोठे. विचार करण्यास दोन क्षण मिळतात आणि समोरच्याला कळते की आपले बोलणे संपलेले नाही.

दोन माणसांची हकीकत

येथवर वाचून कोणाला वाटेल की परदेशी गेले, चार मित्र केले की भाषा आपोआप येते. तसे नाही. भाषाविज्ञानातील दोन प्रसिद्ध अभ्यास येथे उपयोगी पडतात. दोन्ही इंग्रजी शिकणाऱ्यांचे आहेत, पण त्यांतला धडा कोणत्याही भाषेला लागू आहे.

पहिला जॉन शूमान यांचा, १९७८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात आल्बेर्तो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कोस्टा रिकाहून अमेरिकेत कामास आलेल्या ३३ वर्षांच्या माणसाची हकीकत आहे. सहा जणांचे बोलणे दहा महिने नोंदवले गेले, त्यांत आल्बेर्तोची प्रगती सर्वांत कमी झाली. तो आपल्याच देशाच्या माणसांत राही, स्पॅनिश गाणी ऐके, इंग्रजी वर्गाला न जाता रात्रीचेही काम करी. शूमान यांनी याचे कारण सामाजिक अंतर असे दिले. हे वाचताना मला आल्बेर्तोला दोष द्यावासा वाटला नाही. माझे वडील यंत्रमागावर पाळी करतात. पाळी संपवून आलेल्या माणसाला ‘तू लोकांत का मिसळत नाहीस’ असे विचारणे सोपे आहे. मिसळावयास रिकामा वेळ लागतो आणि समोरच्यानेही आपल्याला जवळ बसू द्यावे लागते. परदेशी गेलेला विद्यार्थी आणि परदेशी गेलेला कामगार एकाच गावात राहिले, तरी त्यांना मिळणारी भाषा एक नसते.

दुसरा अभ्यास रिचर्ड श्मिट यांचा, १९८३ चा. वेस हा जपानी चित्रकार हवाई बेटांवर राहावयास आला. तो मोठा बोलका, मित्र जोडणारा. तीन वर्षांत त्याचे संभाषण पुष्कळ सुधारले. तो गोष्टी सांगे, विनोद करी. पण व्याकरण जवळजवळ होते तेथेच राहिले. अनेकवचनाचे प्रत्यय, भूतकाळाची रूपे गळतच राहिली. लोकांना त्याचे समजत होते, म्हणून त्यालाही थांबून पाहण्याची गरज वाटली नसावी.

म्हणजे आल्बेर्तोजवळ माणसे नव्हती, आणि वेसजवळ माणसे असून रूपांकडे लक्ष नव्हते. याच श्मिटनी पुढे ब्राझीलमध्ये पाच महिने राहून, स्पॅनिशची बहीण शोभणारी पोर्तुगीज भाषा शिकताना स्वतःची रोजनिशी ठेवली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, कानावर पडलेल्या रूपांपैकी जी त्यांच्या ध्यानात आली, तीच बहुतेक त्यांच्या बोलण्यात उतरली. वर्गात शिकलेले रूप बाहेर कोणाच्या तोंडून ऐकले की ते ध्यानात येई.

यावरून वहीचे महत्त्व कळते. ताई इंतेरकांबियोला जाताना एक लहान वही नेत असत. मैत्रीण बोलणे मध्येच तोडून चूक काढीत नसे; ती चुका टिपून ठेवी आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांतल्या पाचच सांगे. पाचाहून अधिक सांगितल्या तर एकही राहत नाही, असा त्यांचा अनुभव. त्या पाच चुका पुढच्या भेटीत मुद्दाम वापरून पाहावयाच्या. संध्याकाळी गप्पा, रात्री वही, सकाळी वर्गात शंका, असा हा फेरा आहे. यातला एक टप्पा गाळला तर वेस होतो, आणि पहिलाच गाळला तर आपण सारे.

आपण काय द्यावयाचे?

मला सर्वांत विचार करावयास लावणारा भाग आता येतो. देवाणघेवाण म्हटली की घेणाऱ्याने द्यावेही लागते. ताईंनी फलकावर चिठ्ठी लावली तेव्हा इंग्रजी, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा लिहिल्या. पट्ट्या फाडल्या गेल्या त्या इंग्रजीसाठी. ज्या इंग्रजीची आपल्याला धास्ती, तिच्याच बदल्यात स्पॅनिश घ्यावयाची. या बाजारात भाषांना भाव असतो आणि तो सारखा नसतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ताईंचीच पुढची हकीकत अशी की, इंग्रजीसाठी आलेली मैत्रीण दोन महिन्यांनी मराठी विचारू लागली. स्वयंपाकाच्या संध्याकाळी ताईंनी केलेले थालीपीठ तिला आवडले होते, आणि ‘मला थालीपीठ आवडते’ हे वाक्य तिच्या भाषेसारखेच चालते हे कळल्यावर तिचे कुतूहल जागे झाले. फलकावर जिला मागणी नव्हती ती भाषा ओळख वाढल्यावर मागितली गेली.

हे ऐकताना मला माझ्या आईची आठवण झाली. आई सोलापुरात विड्या वळते. तिच्याबरोबर सुपे घेऊन बसणाऱ्या बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या. आई शाळेत दुसरीपलीकडे गेली नाही, पण ती तेलुगू बोलते, भांडते आणि लग्नातली गाणीही म्हणते. त्या बायका तिच्याशी बोलता बोलता मराठीत तयार झाल्या. पाने कातरताना, तंबाखू भरताना, कारखान्यात विड्या मोजून देण्यासाठी रांगेत उभे असताना वर्षानुवर्षे हे इंतेरकांबियो चालले आहे. ‘तुला किती भाषा येतात?’ असे मी आईला विचारले तर ती म्हणते, “मला कुठलं येतंय? अडाणी बाई मी.” विद्यापीठात याच गोष्टीला पद्धत म्हणतात, तिच्यावर प्रबंध लिहितात. आमच्या घरात तिला ज्ञान म्हणून कोणी मोजलेले नाही. घरातली पहिली महाविद्यालयीन विद्यार्थिनी म्हणून ही मोजदाद करणे मला माझे काम वाटते.

अर्थात आईला तेलुगू वाचता येत नाही, आणि वही नसल्याने तिचे तेलुगू वेसच्या इंग्रजीसारखे असेल. म्हणून आईचे सूप आणि आपली वही या दोन्ही गोष्टी जवळ आणावयास हव्यात, असे मला वाटते.

आपल्याकडे काय करता येईल?

परदेशी जाणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण या रीतीला विमानाचे तिकीट लागत नाही. आपल्या महाविद्यालयात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरी बोलणारे विद्यार्थी एका बाकावर बसतात. तीन वर्षे एकत्र काढूनही आपण एकमेकांच्या भाषेतली दहा वाक्ये शिकत नाही. दर शनिवारी तास संपल्यावर एक तास जोडीने बसावे, अशी माझी सूचना आहे. अर्धा तास तुझी भाषा, अर्धा तास माझी. पहिल्या महिन्यात घरातली माणसे आणि स्वयंपाक. दुसऱ्यात बाजार आणि प्रवास. तिसऱ्यात एखादी हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगणे. प्रत्येकाजवळ वही, आणि वहीत दर वेळी पाचच चुका. इंग्रजी सुधारावयाची असेल तर तीही याच रीतीने सुधारता येईल; मात्र त्या वेळी दोघेही शिकाऊ असल्याने महिन्यातून एकदा इंग्रजीच्या प्राध्यापकांनी वह्या पाहून द्याव्यात, एवढी विनंती.

यासाठी निधी लागत नाही, खोली एक लागते. मी तेलुगूच्या बदल्यात मराठी देण्यास तयार आहे, आणि कोणाला हवी असेल तर जेवढी आली आहे तेवढी स्पॅनिशही. ज्यांना यायचे असेल त्यांनी ग्रंथालयाच्या फलकावरील कागदावर आपले नाव, घरची भाषा आणि हवी असलेली भाषा लिहावी. घरची भाषा लिहिताना कोणी संकोच करू नये. त्या रकान्यात प्रत्येकाजवळ लिहिण्यासारखे काहीतरी आहेच.